समोरची काच बदलली, पण गाडीचा डोळा जुळवला का?

आज पापड-मसाल्याचा विषय नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज गाडीच्या समोरच्या काचेबद्दल बोलायचं आहे. "हे गड्यांचं काम, आम्हाला काय करायचंय?" असं म्हणून उठू नका. आपल्या भागात अलीकडे ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांतल्या किती तरी आपल्याच बायांच्या नावावर आहेत. आरसीवर नाव बाईचं, विम्याच्या कागदावर सही बाईची, हप्ता बाईच्या खात्यातून. शिवाय आता कितीतरी सुना-मुली स्वतः गाडी चालवतात. आणि चालवत नसलो, तरी मागच्या सीटवर नातवाला मांडीवर घेऊन आपणच बसतो ना?

तर, नव्या गाडीत बसलात की आतल्या आरशाच्या पाठीमागे वर पाहा. काचेला चिकटून एक काळी डबी दिसली, तर तिच्यात बहुधा कॅमेरा असतो. (काही गाड्यांत तिथे नुसता पावसाचा सेन्सर असतो, म्हणून गाडीचं पुस्तक उघडून खात्री करून घ्या.) हा कॅमेरा चित्रीकरणासाठी नाही. तो रस्ता बघतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची गाडी, मोटारसायकल, रस्ता ओलांडणारा माणूस ओळखायचा आणि चालवणाऱ्याला मदत करायची, हे त्याचं काम. गाडी पट्टा सोडायला लागली की तो इशारा देतो, काही गाड्यांत स्टिअरिंग हलकेच परत वळवतो. पुढची गाडी अचानक थांबली आणि आपलं लक्ष नसेल तर आधी ठणठण आवाज करतो, मग स्वतःच ब्रेक लावतो. या सगळ्या व्यवस्थेला गाडीवाले 'अडास' म्हणतात. आपल्याकडे २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि एमजीची ॲस्टर या गाड्या ही सोय घेऊन आल्या. नंतर टाटाची हॅरियर आणि सफारी, होंडा सिटी, ह्युंदाईची व्हर्ना, क्रेटा, व्हेन्यू अशा गाड्यांच्या वरच्या प्रकारांत ती येऊ लागली. वरच्या प्रकारांत, हे लक्षात ठेवा. शेजारणीच्या त्याच नावाच्या गाडीत आहे म्हणून आपल्या गाडीत असेलच असं नाही.

काही गाड्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे रडार असतं. त्याबद्दल पुढे दोन शब्द बोलू. मुख्य गोष्ट कॅमेऱ्याची आहे, कारण तो काचेतून बघतो आणि काच तर फुटते.

आता 'कॅलिब्रेशन' म्हणजे काय, ते आपल्या मसाल्याच्या काट्यावरून समजून घेऊ. पूर्वी दुकानदार तराजूची दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्ये येतो का बघायचा. येत नसेल तर हलक्या पारड्याला पासंग बांधायचा. आता आपल्या गटाकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याला खाली चार पाय आहेत आणि एका कोपऱ्यात पाण्याचा बुडबुडा आहे. काटा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेला की आपण आधी पाय फिरवून बुडबुडा मध्ये आणतो, शून्य करतो आणि मगच मिरची पावडर तोलतो. काटा बिघडलेला नसतो. त्याची बैठक बदललेली असते. वजनमापवाले दरवर्षी तपासून शिक्का मारतात तेही याचसाठी. गाडीच्या कॅमेऱ्याचं अगदी हेच आहे. कारखान्यात गाडी तयार झाली तेव्हा त्याला शिकवलेलं असतं की तू जमिनीपासून एवढ्या उंचीवर आहेस, तुझं तोंड नेमकं या दिशेला आहे, गाडीचा मध्य हा इथे आहे. या तीन गोष्टी धरून तो पुढचा सगळा हिशेब करतो. काच बदलली किंवा गाडी उंच केली की त्याची बैठक बदलते. त्याला मात्र ते कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने काम करत राहतो.

"असं कितीसं बदलणार, बोटभर?" हा प्रश्न आमच्या बैठकीत लगेच आला. बोटभरही नाही, मैत्रिणींनो. काचेच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यात कॅमेरा बसतो. समजा पट्टी दहा सेंटिमीटर लांबीची आहे आणि चिकटवताना तिचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं गेलं. एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून जरासं जास्त. तेवढ्याने कॅमेऱ्याचं तोंड अर्ध्या अंशाहून जास्त फिरतं.

अंश म्हणजे काय ते शाळेत शिकलोय, पण रस्त्यावर तो किती पडतो हे पाहायचं असेल तर संध्याकाळी टॉर्च घेऊन अंगणात उभ्या राहा. हातभर अंतरावरच्या भिंतीवर उजेड टाका आणि मनगट किंचित हलवा. उजेड जेमतेम सरकेल. मग तोच उजेड लांबच्या झाडावर टाका आणि मनगट तेवढंच हलवा. उजेड झाड सोडून पार बांधावर जाईल. हिशेब असा: एका अंशाची चूक दहा मीटरवर सतरा-अठरा सेंटिमीटरची होते, पन्नास मीटरवर सत्त्याऐंशी सेंटिमीटरची आणि शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची. महामार्गाची एक लेन साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे शंभर मीटरवर अर्ध्या लेनचा फरक! शेजारच्या लेनमधला टेम्पो आपल्याच समोर आहे असं कॅमेऱ्याला वाटू शकतं. उलट आपल्या समोर असलेला ट्रक बाजूच्या लेनमध्ये आहे असंही वाटू शकतं. समृद्धी महामार्गावर सपाट भागात गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने गाडी एका सेकंदाला तेहतीस मीटर पुढे जाते. शंभर मीटर म्हणजे फक्त तीन सेकंद.

ही झाली डावी-उजवीकडची गोष्ट. वर-खालचा तिरपेपणा त्याहून वाईट. शेताच्या बांधावर उभं राहून सऱ्यांकडे बघा. पायाजवळची सरी नजरेत खाली दिसते, लांबची सरी वर वर जात क्षितिजाला टेकते. कॅमेरासुद्धा अंतर ओळखायला याचा आधार घेतो. पुढच्या गाडीची चाकं चित्रात जितकी वर, तितकी ती गाडी लांब. आता आपल्या गाडीचं नाक खाली झुकलं, तर चित्रातलं सगळंच वर सरकतं आणि जवळची गाडी लांब वाटते. नाक वर उचललं गेलं, तर लांबची गाडी जवळ वाटते. पहिल्या चुकीत ब्रेक उशिरा लागतो, दुसऱ्या चुकीत नको तिथे लागतो. कागदावर मांडून पाहिलं. कॅमेरा जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटरवर आहे आणि पुढची गाडी पन्नास मीटरवर आहे असं धरा. नाक फक्त अर्धा अंश खाली झुकलं, तर ती गाडी पंचाहत्तर मीटरवर आहे असं उत्तर येतं. खऱ्या गाडीतली यंत्रणा एवढ्याच खुणेवर विसंबत नाही. ती पुढच्या गाडीची रुंदी बघते, रडार असेल तर त्याला विचारते, चालता चालता थोडंफार स्वतःला सुधारूनही घेते. त्यामुळे दर वेळी इतकी मोठी चूक होईल असं आम्ही म्हणत नाही. पण सुधारून घेण्यालाही मर्यादा असते, आणि मुळात पाया वाकडा का ठेवायचा?

नाक वर-खाली होतं कशाने? इथे आपल्याकडच्या सवयी आडव्या येतात. रस्ता खराब, बुंध्याला दगड लागतात, म्हणून पोरं गाडी 'उचलून' घेतात. म्हणजे स्प्रिंगखाली किंवा वर चकत्या टाकायच्या, लांब स्प्रिंग बसवायची. कुणी फक्त मागची बाजू उचलतं, कारण मागे माल भरला की गाडी बसते. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालायची तर फॅशनच झाली आहे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण पावणेतीन मीटर अंतर धरलं, तर एकीकडची बाजू पाच सेंटिमीटर उचलली की गाडी एका अंशाने तिरपी होते. पाच सेंटिमीटर म्हणजे आपली तीन बोटं. मागची बाजू उचलली की नाक खाली, म्हणजे वर सांगितलेली पहिली चूक, उशिरा ब्रेकची. आम्हाला यातली ही जास्त धोक्याची वाटते, कारण नको तिथे लागलेला ब्रेक निदान जाणवतो. उशिरा लागणारा ब्रेक, लागायची वेळ येईपर्यंत कळतच नाही. पुढून-मागून सारखीच उचलली तर तिरपेपणा येत नाही, पण कॅमेऱ्याची उंची बदलते. हिशेब तरीही चुकतो, थोडा कमी एवढंच.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहेच. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल मालकाला मनाने करता येत नाहीत. मालक कोण? आरसीवर ज्या बाईचं नाव आहे ती. पोराने हौसेने केलेल्या बदलाची नोटीस आईच्या नावाने येते. अपघातानंतर विमा कंपनीने गाडी तपासली आणि बदल सापडला, तर दाव्यात खोट काढायला तिला कारण मिळतं.

रेडिओवर हे बोलल्यावर फोन आले. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न: "ताई, पंक्चर काढायला जॅकवर गाडी उचलली तर पण हे करायचं का?" नाही. जॅकवरून गाडी खाली आली की ती पहिल्या उंचीवर येते. सर्व्हिसिंगला लिफ्टवर चढवली तरी काही बदलत नाही. उचलणं म्हणजे कायमची उंच करणं, तेवढ्यापुरतं आपण बोलतोय. दुसरा प्रश्न काचेला लागलेल्या बारीक खड्याच्या खुणेचा. खूण छोटी असेल, कॅमेऱ्याच्या समोर नसेल आणि राळ भरून ती जागेवरच बुजवली, कॅमेऱ्याला हात लावला नाही, तर सहसा गरज पडत नाही. उलट खूण छोटी असतानाच बुजवून घ्या, उन्हात एसी लावला की तडा धावतो आणि मग सगळी काच जाते. तिसरा प्रश्न टायरचा. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले तर उंची बदलते आणि वेगाचा हिशेबही बदलतो, म्हणून तपासून घ्यायला हवं. चाकांची अलाइनमेंट केल्यावर, गाडी पुढून ठोकल्यावर, कॅमेरा काढून परत बसवल्यावर बऱ्याच कंपन्या पुन्हा जुळवायला सांगतात. कोणत्या कामानंतर जुळवायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. म्हणून अधिकृत केंद्राला फोन करून आपल्या गाडीचं नाव, साल सांगून विचारायचं. फोनला पैसे पडत नाहीत.

आता आपल्याच एका सभासदाच्या घरी काय झालं ते सांगतो. नाव सांगत नाही, त्यांनी परवानगी दिली आहे ती फक्त हकीकतीची. त्यांच्या घरची सात सीटची गाडी सूनबाई चालवते. आपल्या गटाचा माल प्रदर्शनाला नेते ती हीच. दिवाळीनंतर महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि काच तडकली. घरच्यांनी तालुक्याच्या गावी एका गॅरेजात काच बदलून घेतली. अर्ध्या दिवसात काम झालं, पैसेही कमी लागले. सूनबाईने विचारलं होतं, "कॅमेऱ्याचं काही करावं लागतं का?" मिस्त्री म्हणाला, "होता तसाच लावलाय ताई, डॅशबोर्डवर दिवा लागलाय का? नाही ना? मग झालं." दिवा खरंच लागला नव्हता. तीन आठवड्यांनी चटणीचे डबे घेऊन जाताना, सरळ रस्त्यावर, पुढची गाडी चांगली लांब असताना गाडीने स्वतःच ब्रेक दाबला. मागच्या सीटवर सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटला आपटलं, डबे उलटले. मागून येणारा कंटेनरवाला शहाणा होता, अंतर ठेवून होता, म्हणून आज ही गोष्ट आपण हसत नसलो तरी निवांत सांगतोय. दुसऱ्या दिवशी सूनबाई गाडी घेऊन अधिकृत केंद्रात गेली. कॅमेऱ्याची पट्टी नीट बसलेली नव्हती आणि काच लावल्यावर जुळवणी झालीच नव्हती. पट्टी सरळ करून जुळवणी केली, त्यानंतर तसा प्रकार झालेला नाही.

यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट दिव्याची. डॅशबोर्डवर दिवा लागला तर काही तरी चुकलंय हे नक्की. पण दिवा लागला नाही म्हणजे सगळं बरोबर आहे, असं मात्र नाही. दिवा लागतो तो कॅमेऱ्याला स्वतःची चूक कळली तर. तार निघाली, समोर चिखल बसला, तर कळतं. आपण अर्धा अंश तिरपे आहोत हे त्याला कळेलच असं नाही. आपला काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो काय ओरडून सांगतो का?

काही गॅरेजवाले दुसरा सल्ला देतात: "अडास बंदच करून टाका, आपल्या रस्त्यांवर काय कामाचं?" गावातल्या रस्त्यावर ते फारसं कामाचं नाही हे आम्हीही मानतो. जिथे पांढरा पट्टाच नाही तिथे कॅमेरा बिचारा काय बघणार? पण ज्या सोयीसाठी गाडीच्या किमतीत पैसे मोजले ती मिस्त्रीच्या सोयीसाठी का बंद करायची? आणि बऱ्याच गाड्यांत आपण बटणाने बंद केलेला आपोआप ब्रेक, गाडी पुन्हा चालू केली की आपोआप चालू होतो. जुळवणी होईपर्यंत बंद ठेवणं शहाणपणाचं, पण तो कायमचा इलाज नव्हे.

जुळवणी कशी करतात ते एकदा बघून या, फार मजेशीर असतं. दोन पद्धती आहेत, कोणती करायची ते कंपनी ठरवते, काही गाड्यांना दोन्ही लागतात. पहिलीत गाडी जागेवर उभी असते. फरशी पाणसळीत हवी, घर बांधताना गवंडी बघतो तशी. टायरमध्ये हवा बरोबर हवी, गाडीत सामान नको, स्टिअरिंग सरळ हवं, काच स्वच्छ हवी. मग गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या उंचीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींची किंवा ठिपक्यांची मोठी पाटी उभी करतात. तिचा मध्य गाडीच्या मध्याशी टेप, दोरी किंवा लेझरच्या रेषेने जुळवतात. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे स्कॅनर जोडतात. कॅमेरा पाटी बघतो आणि पाटी जिथे दिसायला हवी तिथून किती सरकलेली दिसते यावरून स्वतःचा तिरपेपणा मोजून ठेवतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण भिंतीवरची अक्षरं वाचतो ना, तसंच. यावरून एक गोष्ट कळेल. ज्या गॅरेजची जमीन शेणाने सारवलेल्या अंगणासारखी उंचसखल आहे आणि समोर चार मीटर मोकळी जागा नाही, तिथे हे काम नीट होणार नाही, मिस्त्री कितीही चांगल्या हाताचा असो.

दुसऱ्या पद्धतीत स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर चालवतात. ठरलेल्या वेगाने, पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर, उजेडात, पाऊस नसताना. कॅमेरा पट्टे आणि पुढच्या गाड्या बघत बघत स्वतःला जुळवतो. आपल्या गावातून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर हे जमणार नाही, महामार्गावरच जावं लागतं. म्हणून कुणी म्हणालं, "इथेच चौकात एक चक्कर मारून जुळवून देतो," तर हसून नमस्कार करा आणि निघा.

काच घेताना आपल्या गाडीच्या त्याच प्रकारासाठी असलेली, कॅमेऱ्याची पट्टी असलेली काच मागा. एकाच नावाच्या गाडीला कॅमेऱ्याची आणि बिनकॅमेऱ्याची अशा दोन काचा असतात. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण बघा. कॅमेऱ्यासमोरची जागा एकदम स्वच्छ असावी, लाटा दिसता कामा नयेत. स्वस्त काचेतून बाहेरचा विजेचा खांब वाकडा दिसत असेल तर कॅमेऱ्यालाही तो वाकडाच दिसणार. काच ज्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटवतात तो सुकायला वेळ लागतो, कधी तासभर, कधी काही तास. किती, ते विचारा आणि तोवर गाडी हलवू नका. समोरची काच नुसती वारा अडवत नाही, अपघातात छत सावरायला आणि पुढची एअरबॅग नीट फुगायलाही तिचा आधार असतो.

पावतीबद्दल आमचा आग्रह आहे. 'काच बदलली' एवढ्याच शब्दांची पावती घेऊ नका. कॅमेऱ्याची जुळवणी ही वेगळी ओळ हवी. स्कॅनर जुळवणीचा अहवाल देतो, तो छापून मागा. त्यावर गाडीचा चासी नंबर, तारीख आणि जुळवणी पूर्ण झाल्याची नोंद असते. चासी नंबर आपल्याच गाडीचा आहे ना, हे आरसीशी ताडून पाहा. संकोच करू नका. बँकेत पासबुक भरून घेताना आपण आकडा बघतोच ना?

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीचं नुकसान धरणारा, म्हणजे सर्वसमावेशक विमा असेल तर मिळतात, आणि काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत. रबर, प्लास्टिकवर मात्र निम्मा कापतात, झिरो डेप घेतला नसेल तर. ठरावीक रक्कम आपल्याला सोसावी लागते: खासगी गाडीचं इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १००० रुपये, त्याहून मोठं असेल तर २००० रुपये. जुळवणीचा खर्च धरणार का, हे काम सुरू करण्याआधी सर्व्हेअरला विचारा आणि अंदाजपत्रकात ती ओळ लिहून घ्या. काम झाल्यावर ओळ वाढवायला गेलात तर वाद होतो. दावा करण्याआधी नो क्लेम बोनसही बघा. तो वीस टक्क्यांपासून वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि एका दाव्याने जाऊ शकतो. खर्च थोडा असेल तर बोनस वाचवणं परवडतं, कागदावर बेरीज करून ठरवा.

आता हारांचं. खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो, झेंडूचा जाड हार पुढे बांधतो. ज्या गाडीत जाळीमागे रडार आहे तिथे तो हार रडारसमोर येतो. पूजेपुरता ठेवावा आणि रस्त्याला लागण्याआधी काढून देवापुढे ठेवावा. लोखंडी गार्डचंही तेच, शिवाय असे गार्ड लावण्याविरुद्ध केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कळवलं आहे. देवाचं नाव, गावाचं नाव काचेवर वरच्या बाजूला लावायची हौस असेल तर कॅमेऱ्यासमोरची जागा सोडा. मागच्या काचेवर लावलं तर जास्त लोक वाचतील. काळी फिल्म तर नकोच. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे.

आणि हे सगळं नीट असलं तरी कॅमेरा म्हणजे ड्रायव्हर नव्हे. उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनदिव्याच्या, मागे लाल पट्टीही नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशी ट्रॉली अंधारात माणसाच्या डोळ्याला उशिरा दिसते, तशी कॅमेऱ्यालाही दिसेलच याचा भरवसा नाही. गुरं आडवी आली, धुकं पडलं, सूर्य समोरून डोळ्यांवर आला, तेव्हाही त्याच्यावर विसंबू नये. कंपन्याही गाडीच्या पुस्तकात तसंच लिहितात.

आमच्या ग्रामसंघात आता एक साधी वही ठेवली आहे. ज्या सभासदांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी आपापलं पान लिहायचं: कॅमेरा आहे की नाही, रडार आहे की नाही, काच कधी बदलली, जुळवणीचा कागद कुठे ठेवला, विमा कोणत्या तारखेला संपतो. गटाचा माल किंवा गटाच्या बाया घेऊन जाणारी गाडी असेल तर निघायच्या आधी अध्यक्षांनी ते पान बघायचं. तुमच्या गटात अशी वही सुरू केलीत तर पहिल्या पानावर काय काय लिहिलं, ते आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या वेळी ट्रॉल्यांच्या मागे लावायच्या चकाकत्या पट्ट्यांबद्दल बोलायचं आहे, त्या शिवायचं काम दोन गटांनी मागितलं आहे.